शेटे सरांचा मुरलेला अर्ज

अर्जाची शेवटची तारीख उलटून गेली, की आमच्या शेटे सरांचा चेहरा खुलायचा. बाकीचे प्राध्यापक त्या तारखेआधी आठवडाभर दाढी न करता फिरायचे, टायपिस्टच्या विनवण्या करायचे, सही-शिक्क्यासाठी ऑफिसच्या दारात ताटकळायचे, आणि तारीख गेली की लग्नघरातल्या यजमानासारखे स्टाफरूममध्ये आडवे व्हायचे. शेटे सर मात्र त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. सगळ्यांना आपल्याकडून चहा सांगायचे आणि टेबलावर बोटं वाजवत म्हणायचे, "चला, आता आमचा अर्ज काढाय हरकत न्हाय."

अर्ज म्हणजे संशोधनाच्या अनुदानाचा. आमच्याकडं सगळे त्याला ग्रँट म्हणत. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हापासून शेटे सरांचं आणि माझं टेबल एकमेकाला चिकटून होतं. तिथं बसून मी वर्षानुवर्षं एकच खेळ पाहिला. पुण्याच्या कार्यालयाकडून सूचना यायची, नोटीस बोर्डावर तारीख लागायची, ती तारीख निघून जायची, आणि मग शेटे सर अर्ज घेऊन स्वतः पुण्याला जायचे. उशिरा आलेला अर्ज कोण मंजूर करणार? तो परत यायचा, आणि सर नव्या उमेदीनं पुढच्या वर्षीच्या तयारीला लागायचे.

आता तुम्ही म्हणाल, माणूस वेंधळा असेल. तसं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. आमच्या कॉलेजात वेंधळ्यांना तोटा नव्हता, एकेकावर लिहायचं तर कागद पुरणार नाही. प्रा. मल्लाप्पा शेटे या माणसावर गावानं घड्याळ लावावं. सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, ते घंटा व्हायच्या आधी वर्गाच्या दारात उभे असत. लग्नाला जात ते मंडपवाले खांब पुरत असताना. आमच्या एका शिपायाच्या मुलीच्या लग्नाला ते इतक्या लवकर पोचले, की मुलीकडच्यांनी त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून कांदा कुठं आहे ते दाखवलं. सरांनी मुकाट्यानं पाटीभर कांदा चिरून दिला, डोळे पुसले आणि मग अक्षता टाकायला गेले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून मुलीच्या मामाला वाटलं, काय हळवा माणूस आहे.

असला माणूस अर्जालाच का उशीर करतो, हे मी एकदा न राहवून विचारलं.

"अर्ज मुराय लागतो, पावणं," सर म्हणाले. "ताजा अर्ज साहेबाच्या पोटाला बाधतोय."

मी सांगलीचा, म्हणून मी कोल्हापुरात कितीही वर्षं काढली तरी त्यांच्या लेखी पाहुणाच राहिलो. त्यांचं ते 'मुराय लागतो' पुढं आमच्या विभागाचं ब्रीदवाक्य झालं. विद्यार्थ्यानं जर्नल वेळेवर दिलं नाही की तो सांगायचा, सर, मुरू दे की.

पण खरी गंमत मला फिल्टर पेपर शोधताना कळली. सरांचं कपाट उघडलं तर वरच्याच खणात त्या वर्षीचा अर्ज. टाइप केलेला, सही केलेला, विभागाचा शिक्कासुद्धा मारलेला. आणि तारखेला अजून चांगला महिना बाकी होता. मी तो जागच्या जागी ठेवला आणि डोकं खाजवत बाहेर आलो. माणूस आळशी नाही, विसराळू नाही, मग आहे तरी कोण?

विषयही काही ऐरागैरा नव्हता. हुपरीला घराघरात चांदीचे पैंजण बनतात. त्यांना चकाकी आणायला तेजाब वापरतात आणि ते पाणी सरळ गटारात जातं. ते पाणी घरच्या घरी, स्वस्तात कसं स्वच्छ करता येईल, हा सरांचा ध्यास. दर रविवारी हुपरीची गाडी धरायची आणि पिशवीभर बाटल्या घेऊन परतायचं. एकदा मीही बरोबर होतो. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. कंडक्टरनं पिशवीकडं बोट करून विचारलं, "काय हाय ह्यात?"

शेटे सरांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे बोलत नसत असं नाही, येतच नसे. जीभच वळायची नाही.

"गटाराचं पाणी हाय," सर म्हणाले.

त्यानंतर कोल्हापूर येईपर्यंत आम्ही दोघं ऐसपैस बसून आलो.

या खरेपणाचा कळस म्हणजे अर्जासोबतचं पत्र. मुदतीनंतर अर्ज दिला तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागे. इतर लोक अशा वेळी सख्ख्या चुलत्यालासुद्धा मारत. आमच्या एका सहकाऱ्याचे चुलते या कामी दोनदा वारले. शेटे सर दरवर्षी एकच वाक्य लिहीत: 'सदर अर्ज अंतिम तारखेनंतर सादर करीत आहे, कारण तो अंतिम तारखेपूर्वी सादर केला नाही.'

घरी सर राहायचे मंगळवार पेठेत, थोरल्या भावाच्या एकत्र कुटुंबात. खाली भुसारी मालाचं दुकान, वर बिऱ्हाड. भावाला सगळी पेठ अण्णा म्हणायची. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णांनी शाळा सोडली, दुकानात बसले आणि धाकट्याला एम.एस्सी. केलं. पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि शब्द तोलूनमापून. अण्णांनी घसा खाकरला तरी घरात भांडी वाजायची थांबत. प्रोफेसर झालेले, केस पिकलेले शेटे सर गावाबाहेर जायचं तर तेव्हाही अण्णांना विचारून जात, आणि अण्णा विचारत, "कशाला चाललास?"

एका वर्षी माझं पुण्याला परीक्षेचं काम निघालं आणि नेमकी सरांच्या अर्जाची तारीख नुकतीच उलटली होती. म्हटलं, चला, हे प्रकरण डोळ्यांनी बघू.

त्या कार्यालयात देवधर नावाचे मुख्य लिपिक होते. सरांना दारात बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "या शेटे. तारीख होऊन आठवडा झाला, कोल्हापूर अजून कसं आलं नाही म्हणून कालच चौकशी करत होतो." त्यांनी पत्रातलं ते एक वाक्य शेजारच्या टेबलाला वाचून दाखवलं, तिथून ते पुढच्या टेबलावर गेलं, मग 'मुदतीनंतर प्राप्त' असा शिक्का बसला. सरांनी त्यांच्यासमोर कोल्हापुरी चटणीची पुडी ठेवली. देवधर एकदम गंभीर झाले. "शेटे, मनापासून सांगतो. एकदा, फक्त एकदा हा अर्ज वेळेत पाठवा. आमच्या साहेबांनी वाचलाय. डोळे झाकून मंजूर होईल."

शेटे सर दचकले. "नको नको," म्हणाले आणि जवळजवळ पळतच जिना उतरले. अनुदान मिळेल या भीतीनं पळणारा प्राध्यापक मी आयुष्यात तो एकच पाहिला.

खाली येऊन त्यांनी रुमालानं बूट पुसले. "पावणं, माझं जरा एक काम हाय. येतासा?"

रिक्षा एका साध्याशा इमारतीपाशी थांबली. दार एका तरुण बाईनं उघडलं. नाक थेट शेटे सरांचं. "अप्पा, तारीख जाऊन आठवडा झाला," ती म्हणाली. "एवढा उशीर करतात का?"

"अगं, अण्णांना ताप हुता. घरात सोडून कसा येणार?"

तिच्या मागून एक चिमुरडी पळत आली आणि सरांच्या पायांना लोंबकळली. "अज्जा, तुम्ही रोज उशीर करा की," ती म्हणाली.

ही विद्या, सरांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा मिलिंद माझ्या आधीच्या काळातला आमच्याच कॉलेजचा विद्यार्थी, आता इंजिनिअर. मुलगा सोन्यासारखा, पण बौद्ध घरातला, आणि अण्णांना तेवढंच पुरलं. लग्न झालं त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, या घरात तिचं नाव निघणार नाही आणि या घरातलं कोणी तिच्या दारात जाणार नाही. मी हे ऐकून होतो, पण त्याचा आणि ग्रँटचा काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. सरांनी पिशवीतून डबा काढला. ज्वारीच्या भाकऱ्या, भरलं वांगं, शेंगदाण्याच्या पोळ्या. मिलिंदनं सगळ्यांना वाढलं. सर नातीला मांडीवर घेऊन जेवले. तोंडभर हसत होते. स्टाफरूममध्ये तो माणूस असा हसलेला मी पाहिला नव्हता, तारीख उलटल्याच्या दिवशीसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत, सातारा मागं पडल्यावर, सर आपणहून बोलले.

"अण्णा इचारणार, पुण्याला कशाला चाललास? मला खोटं बोलता येत न्हाय. ग्रँटचा अर्ज द्याय चाललोय म्हणायचं, तर तो खराच द्याय पाहिजे. पोस्टानं का धाडत न्हाईस, म्हणतील. म्हणून तारीख जाऊ द्यायची. तारीख गेल्याला अर्ज हातानंच द्याय लागतो."

सरळ मार्गानं चालायच्या हट्टापायी माणूस किती लांबून वळसा घालतो, याचा हिशेब मला लागेना.

"आणि चुकून मंजूर झाला तर?"

"तर तीन वर्षं दुसरा अर्ज करता येत न्हाय. नियम हाय." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मग काय सांगून जाऊ? वर्षातनं एकदा तर बघतो पोरीला."

"वैनींना माहीत आहे?" मी सरांच्या बायकोबद्दल विचारलं.

"तिला मी सांगितलं न्हाय. तिनं इचारलं न्हाय. डबा तेवढा चौघांचा देती. नात हाय हे बी घरात कुणाला ठावं न्हाय."

त्या दिवसापासून मी सरांच्या बाजूचा झालो. तारीख जवळ आली की मीच त्यांच्या कपाटाला कुलूप लावायचो. बिनचूक उशीर करायला दोन माणसं लागतात, हे मला तेव्हा कळलं.

मग दोन हजारनंतर कधीतरी आम्हाला नवे प्राचार्य मिळाले. तरुण, उत्साही आणि संगणकावर तक्ते काढणारे. कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती आणि संशोधनाच्या रकान्यात आमच्या कॉलेजची पाटी कोरी होती. प्राचार्य स्वतः एकेका विभागात जाऊन अर्ज गोळा करायला लागले. आमच्याकडं आले तेव्हा तारखेला भरपूर अवकाश होता, आणि नेमकं सरांचं कपाट उघडं होतं.

"हा तयार आहे?" प्राचार्यांनी अर्ज उचलला.

"तयार हाय," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी मध्ये पडलो. "सर, त्यातला एक प्रयोग तपासायचा राहिलाय."

प्राचार्यांनी शेटे सरांकडं पाहिलं. "राहिलाय?"

"न्हाय. तपासलाय," सर म्हणाले. चेहरा मात्र फाशीची शिक्षा ऐकल्यासारखा.

प्राचार्यांना वरच्या पत्रावर ताजी तारीख आणि नवा शिक्का हवा होता. मी विभागाचा शिक्का तेजाबाच्या बाटल्यांमागं लपवला. प्राचार्यांनी बाजारातून दुपारपर्यंत दुसरा करून आणला. संध्याकाळी कुरिअरवाला अर्ज घेऊन गेला. सर फाटकापर्यंत त्याच्या मागं गेले होते.

आणि देवधर बोलले होते तसंच झालं. ग्रँट मंजूर झाली, तीही पहिल्या फटक्यात. कॉलेजात सरांचा सत्कार ठेवला. फेटा बांधला, हार घातला. अण्णा स्वतः आले होते, पहिल्या रांगेत बसले होते, आणि भावाचं नाव पुकारल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. पेठेत त्यांनी घरोघरी पेढे पाठवले. फेट्याखाली शेटे सर असे बसले होते, की फोटोग्राफरनं तीनदा सांगितलं, "सर, जरा हसा की."

मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, प्रगतीचा अहवाल पाठवायचा असतो दर सहा महिन्यांनी. तो मुरू दे. हातानं द्यायला जाऊ."

सरांनी माझ्याकडं पाहिलं ते मी चोरी सुचवल्यासारखं. "लोकांचा पैसा घेतलाय, पावणं. त्याचा जाब उशिरा? ते न्हाय जमायचं." मग जरा वेळानं म्हणाले, "विद्याला फोन केलता. म्हटलं, मंजूर झाला गं. ती बी गपच बसली."

मंजुरीचा एवढा दुखवटा मी कधी पाहिला नव्हता. मला प्राचार्यांचा राग आला, त्या कुरिअरवाल्याचा आला, आणि खरं सांगायचं तर शेटे सरांचाही आला. साठीला टेकलेला माणूस, पोरीला भेटायला जातो एवढं सख्ख्या भावाला सांगू शकत नाही?

त्याच आठवड्यात अण्णांनी मला जेवायला बोलावलं. मला, म्हणजे भावाच्या मित्राला. पाटावर आम्ही तिघं, वाढायला वैनी. त्या घरात वैनी अण्णांसमोर हूं की चूं करत नसत. पदर डोक्यावर, वाढायचं आणि आत जायचं. अण्णा खुशीत होते.

"मल्ला, बरं झालं बघ," ते म्हणाले. "दरसाल पुण्याच्या खेपा घालाय लागत हुत्या. आता तीन वरसं तरी ती दगदग वाचली."

सर भाकरी मोडत होते, ते मोडतच राहिले. ताटात बारीक चुरा झाला तरी हात थांबेनात.

वैनी आमटीचं भांडं घेऊन आत वळल्या होत्या. त्या परत फिरल्या आणि भांडं खाली ठेवलं.

"भावजी, पुण्याला जावं लागणार हाय."

अण्णांनी मान वर केली. "आता आणि कशाला? ग्रँट झाली की."

"ग्रँटला न्हाय. विद्याकडं." वैनींचा एकेक शब्द स्वच्छ पडला. "ह्यांच्यासंगं मी बी जाणार हाय."

त्या घरात ते नाव इतक्या वर्षांनी निघालं. मी माझ्या ताटातल्या मिठाकडं बघत बसलो. सरांनी डोळे मिटून घेतले होते. अण्णांनी पुढ्यातली भाकरी शेवटपर्यंत खाल्ली, ताकाची वाटी संपवली. दुकानात गिऱ्हाइकानं चुकीचा भाव सांगितला की ते असेच गप्प बसत, आणि नंतर जे बोलत ते गिऱ्हाईक जन्मात विसरत नसे. मी मनातल्या मनात उठायची तयारी केली.

"मल्ला," अण्णा म्हणाले. "मागल्या साली हुपरीस्नं बारकं पैंजण आणून कपाटात ठिवलंतंस. पुण्याला जाताना घिऊन गेलास."

सरांनी नुसती मान हलवली.

"मी म्हटलं, ग्रँटचा साहेब पैंजण घालतोय का काय."

कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, आणि मी मयतीत हसून बोलणी खाल्लेला माणूस आहे. अण्णांनी तांब्या उचलून पाणी प्यायलं, टोपी काढली, मांडीवर ठेवली. वैनी उभ्याच होत्या. अण्णांनी त्यांच्याकडं बघायचं टाळलं आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "सकाळची पयली गाडी धरा. म्हंजे नातीची शाळा सुटायच्या आत पोचशिला."

शेटे सर हात धुवायला म्हणून उठले ते मोरीपाशीच उभे राहिले. पाठ आमच्याकडं होती आणि तांब्यातलं पाणी संपलं तरी हात धूतच होते. मी उगीच आणखी एक भाकरी मागितली. वैनींनी मला भाकरी वाढली आणि न विचारता अण्णांच्या ताटात एक शेंगदाण्याची पोळी ठेवली. अण्णांनी ती बाजूला सारली नाही. मोडून खायला लागले.